वांग्याचे काप : प्रस्तावना

पानाच्या डाव्या बाजूस वाढल्या जाणाऱ्या जिनसांना आपल्या पाकशास्त्रविषयक वाङ्मयात उजव्या बाजूच्या पदार्थांइतकी प्रतिष्ठा कधीच लाभलेली नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले, आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून घरोघर प्रवेश मिळविला, या शतकभराच्या अवधीत मराठी स्वयंपाकघराचे जे दफ्तर तोवर केवळ आजीच्या आणि सासूच्या स्मरणात जपलेले होते ते हळूहळू कागदावर उतरले, ही गोष्ट मोठ्या मोलाची आहे यात संशय नाही. परंतु वांग्याच्या कापांची वार्ता विचारू जाता बहुतेक ठिकाणी जे ऐकावयास मिळते ते इतकेच, की वांग्याच्या चकत्या कराव्या, त्यांना तिखटमीठ लावावे, रव्यात घोळवाव्या आणि तेलावर खरपूस करून घ्याव्या. या आज्ञांपैकी एकही चुकीची नाही. तरीही त्या तंतोतंत पाळणाऱ्या नवख्या माणसाच्या पानात पुष्कळदा जे येऊन पडते ते वरून लालसर, आतून तेलाने थबथबलेले आणि उचलताच मान टाकणारे असे असते. यात त्याच्या हाताचा दोष नसतो. ज्या एका गोष्टीवर कापाचे सारे भवितव्य अवलंबून असते तिचा उल्लेखच त्या कृतीत राहून गेलेला असतो, आणि ती गोष्ट म्हणजे वांग्यातील पाणी.

प्रस्तुत पुस्तिका त्या पाण्याविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. कुरकुरीतपणा हा पिठाचा गुण आहे असा समज सर्वत्र रूढ आहे आणि त्यापायी कोणी रव्याची, कोणी तांदळाच्या पिठीची, कोणी कॉर्नफ्लोअरची, तर कोणी पावाच्या चुऱ्याची तरफदारी करीत असतो. पण पीठ कोणतेही घेतले तरी वांग्यातील पाणी योग्य वेळी योग्य मार्गाने बाहेर काढण्याची तजवीज जर केलेली नसेल, तर ते पीठ आतून येणाऱ्या वाफेने भिजून लापशीसारखे मऊ पडल्याशिवाय राहत नाही. वांग्याच्या गराच्या शंभर भागांत सुमारे ब्याण्णव भाग पाणीच असते. एवढ्यानेच भागले असते तर प्रश्न तितका बिकट नव्हता, कारण पाणी भोपळ्यातही असते आणि पडवळातही असते. वांग्याची विशेष अडचण ही, की त्याचा गर सच्छिद्र असून पेशींच्या मधोमध हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात, आणि कच्ची चकती जशीच्या तशी तेलात सोडली म्हणजे ती हवा उष्णतेने बाहेर पडून तिची जागा तेल घेते. ज्या गृहिणी ‘वांगे तेल फार पिते’ अशी तक्रार करतात त्यांची तक्रार अक्षरशः खरी आहे. ते तेल वांग्याने पिऊ नये यासाठी त्या पोकळ्या तव्यावर जाण्यापूर्वीच मिटवाव्या लागतात, आणि ते काम मिठाचे आहे. पण त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

प्रथम वांग्याच्या निवडीविषयी. भरल्या वांग्याला जी लहान, काटेरी देठाची, जांभळी वा पांढुरकी वांगी लागतात ती कापांच्या उपयोगाची नाहीत, कारण त्यांच्या चकत्या रुपयाएवढ्या होतात आणि त्यांत गरापेक्षा साल आणि बियाच अधिक येतात. कापांना मोठे, मांसल, थोडक्या बियांचे वांगे हवे. गोमंतकात तिसवाडीतील आगशी गावची वांगी या कामी नावाजलेली आहेत, आणि ज्याने ती एकदा चिरून पाहिली आहे त्याला या लौकिकाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. खानदेशात जळगावकडील भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे भरितासाठीच जन्मलेले आहे असे तिकडची मंडळी अभिमानाने म्हणतात, आणि त्यांच्या अभिमानाला बाध न आणता मी इतकेच नमूद करतो, की त्याच वांग्याचे काप अतिशय उत्तम होतात. दक्षिणेस उडुपीजवळच्या मट्टू गावचे हिरवट, पातळ सालीचे गोल वांगे, ज्याचे बीज सोळाव्या शतकातील वादिराजस्वामींनी गावकऱ्यांना दिले अशी श्रद्धा आहे, तेही याच कुळीतले. आणि तेथील सारस्वत घरांत त्याच्या ज्या ‘फोडी’ करतात त्यांचे आपल्या कापांशी सख्ख्या बहिणींचे नाते आहे.

गाव कोणतेही असो, बाजारात वांगे हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने हलके लागले पाहिजे, कारण जड वांगे बहुधा बियांनी भरलेले असते. साल ताणलेली आणि चकचकीत असावी, देठ हिरवा असावा, आणि बोटाने किंचित दाबले असता पडलेला खळगा लगेच भरून यावा. ‘भावप्रकाशा’त कोवळे वांगे कफपित्तनाशक आणि जून वांगे पित्तकर व पचनास जड असा स्पष्ट भेद केलेला आहे. वैद्याची दृष्टी आणि काप करणाऱ्याची दृष्टी या ठिकाणी एक होतात, कारण जून वांग्याच्या बिया तव्यावर कडवट लागतात आणि त्याचा गर कितीही निगुतीने भाजला तरी तंतूसारखाच राहतो.

वांगे केव्हा आणावे यासंबंधी आपल्या पूर्वजांनी जो शिरस्ता घालून दिला आहे त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी होते. त्या दिवशी कांदा, लसूण आणि वांगे यांचे नाना प्रकार करून घरातली मंडळी तृप्त होतात, आणि दोन दिवसांनी येणाऱ्या देवशयनी एकादशीपासून हे जिन्नस चातुर्मासापुरते वर्ज्य होतात. कार्तिकात एकादशीला चातुर्मास संपतो खरा, तथापि अनेक घरांत वांग्याची मुदत त्याहूनही पुढे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत चालते. ती चंपाषष्ठी, जिला खेड्यापाड्यांतून वांगेसट असेच म्हणतात, त्या दिवशी खंडोबाला भरीतरोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांग्याला घरात पुन्हा मुभा मिळते. या नियमाला धर्मशास्त्राचा आधार आहेच. पण शेतकऱ्याच्या अनुभवाचाही आधार आहे, कारण पावसाळी उबदार आणि दमट हवेत शेंडा व फळ पोखरणारी अळी वांग्यावर विशेष माजते, आणि थंडी पडू लागल्यावर जे फळ येते ते निर्मळ, घट्ट आणि गोडसर असते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ हाच कापांचा खरा हंगाम होय. आता बाराही महिने वांगी मंडईत मिळतात, म्हणून हंगामाचा विचार निरर्थक झाला आहे असे कोणी मानू नये. श्रावणातले वांगे आणि पौषातले वांगे एकाच तव्यावर शेजारीशेजारी टाकून पाहिले म्हणजे कोणालाही याचा प्रत्यय येईल.

या पंचांगाचा कापांच्या इतिहासाशी एक सूक्ष्म संबंध आहे. किनारपट्टीवरील ज्या घरांत मासे हा नित्याचा आहार आहे, तेथे सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि संपूर्ण श्रावण या दिवसांत मासळी शिजत नाही, आणि त्या दिवशी वरणभाताशेजारी काहीतरी खरपूस, तिखट आणि आंबटसर असावे ही जिभेची मागणी काप पुरवितात. परंतु श्रावण हा चातुर्मासात पडतो. म्हणजे ज्या महिन्यात कापांची गरज सर्वांत अधिक त्याच महिन्यात नियम पाळणाऱ्या घरी वांगे नसते, आणि तेथे सुरण, कच्चे केळे, नीरफणस व बटाटा हे त्याच्या जागी येतात. वांग्याचे काप खऱ्या अर्थाने मानाला चढतात ते मार्गशीर्षातील गुरुवारी, जेव्हा महालक्ष्मीच्या व्रतामुळे मासळी नसते आणि वांगेसट होऊन गेल्यामुळे वांगे मात्र असते. यावरून कित्येक जण असे म्हणतात, की काप म्हणजे शाकाहाऱ्यांचा मासा. हे म्हणणे मला मान्य नाही. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या मासळीचा स्पर्श नाही तेथेही काप होतात आणि आवडीने खाल्ले जातात. मसाला लावून, पिठात घोळवून, तव्यावर भाजण्याची जी पद्धत आहे ती त्या मुलखाची साधारण रीत असून मासा आणि वांगे हे दोघेही तिचे सारखेच हक्कदार आहेत. वांग्याला दुसऱ्याच्या जागेवरचा बदली कामगार ठरविले, की त्याच्याकडून आपण माशाची चव मागू लागतो, आणि त्याची स्वतःची जी लोण्यासारखी मऊ, किंचित मातकट गोडी आहे ती मसाल्याखाली गाडून टाकतो.

आजचा लालभडक काप फार प्राचीन असणे शक्य नाही, हेही ध्यानात ठेवावे. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली. तिच्यापूर्वी तिखटपणाचा कारभार मिऱ्यांकडे होता. बटाटा हाही त्याच खंडातला परका, आणि नीरफणस तर पॅसिफिक महासागरातील बेटांकडचा. या सर्वांच्या तुलनेत वांगे, सुरण आणि केळे हे आपल्या भूमीतले जुने रहिवासी होत. गहू कोकणात पिकत नाही, तो घाटावरून किंवा त्याही पलीकडून येणारा जिन्नस. म्हणून भाताच्या मुलखात कापांना मूळचे आवरण तांदळाच्या पिठीचेच असले पाहिजे आणि रवा मागाहून त्यात शिरला असला पाहिजे, असे माझे अनुमान आहे. तो शिरला हे बरे झाले. तांदळाच्या पिठीत चिवटपणा आणणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे तिचा थर पातळ आणि ठिसूळ होतो. बारीक रव्याचे कण मात्र दाणेदार असल्याने पाणी सावकाश शोषतात, प्रत्येक कण वेगळा भाजला जातो आणि दाताखाली त्याचा आवाज येतो. एक वाटी पिठीला अर्धी वाटी बारीक रवा हे प्रमाण मी स्वीकारलेले आहे, कारण नुसत्या रव्याचे आवरण पहिल्या घासाला छान वाटले तरी चकतीपासून सुटून तव्यावर जळत राहते आणि पुढल्या घाण्याला कडू करते.

आता मिठाकडे वळू. चकत्या विळीवर वा सुरीने सारख्या जाडीच्या, सुमारे अर्धा सेंटिमीटर, कापाव्या; याहून पातळ केल्यास आत गर म्हणून काही उरत नाही, आणि याहून जाड केल्यास बाहेरचे आवरण करपेपर्यंत आतले वांगे कच्चे राहते. कापल्याबरोबर चकत्या काळवंडू लागतात, कारण गरातील क्लोरोजेनिक आम्ल आणि एक विकर, जे अखंड वांग्यात परस्परांपासून अलग असतात, ते सुरीमुळे एकत्र येऊन हवेशी संयोग पावतात. हे काळेपण टाळण्यासाठी चकत्या पाण्यात टाकण्याची चाल सर्वत्र आहे आणि भाजीच्या बाबतीत ती निर्दोष आहे; कापांच्या बाबतीत मात्र ती मला त्याज्य वाटते, कारण जे पाणी आपल्याला घालवायचे आहे त्यात ती नव्या पाण्याची भर घालते. त्यापेक्षा चकत्या परातीत एकेक पसरून त्यांवर दोन्ही बाजूंनी मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा कोकमाचे आगळ लगेच चोळावे. आंबटपणामुळे काळवंडणे मंदावते आणि मिठामुळे परासरणाने पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. पंधरावीस मिनिटांत परातीत ओल सुटलेली दिसते आणि चकती, जी प्रथम ताठ व फुगीर होती, ती लवचिक होऊन वाकू लागते. हे लवचिक होणे हीच खूण. त्या अवस्थेत गरातील हवेच्या पोकळ्या मिटलेल्या असतात आणि तेलाला आत शिरण्यास पूर्वीइतकी वाट उरलेली नसते.

सुटलेले पाणी तळहातांमध्ये चकती हलकेच दाबून निथळून टाकावे. जोराने पिळू नये, कारण फाटलेली चकती पुढे सांभाळता येत नाही. मग लाल तिखट किंवा मालवणी मसाला आणि चिमूटभर हिंग लावावे. ही दोन टप्प्यांची पद्धत पुष्कळांना लांबणीची वाटेल आणि ते सर्व मसाला एकदमच लावतील. तसे केल्याने कसूर होत नाही, फक्त निथळणाऱ्या पाण्याबरोबर अर्धे तिखट परातीत उरते. पिठात घोळविण्याविषयी मात्र मी कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही. तवा तापल्यावर, तेल पसरल्यावर, चकती एका हाताने उचलून कोरड्या पिठात दोन्ही अंगांनी दाबावी, झटकावी आणि दुसऱ्या क्षणी तव्यावर ठेवावी. अगोदरच घोळवून रचून ठेवलेल्या चकत्यांवरील पीठ वांग्याची उरलेली ओल शोषून चिकट होते, आणि एकदा चिकट झालेले पीठ कितीही भाजले तरी मग कुरकुरीत होत नाही.

तवा बिडाचा असावा. पातळ पत्र्याचा तवा चकत्या पडताच थंड होतो आणि पुन्हा तापताना एकाच जागी करपवितो. बीड उष्णता धरून ठेवते आणि सावकाश, सारखी देते. तेल तव्याच्या तळाला पातळ थर होईल एवढे हवे, आणि तापलेले हवे. मोजण्याचे साधन जवळ असेल त्यांच्यासाठी १७० ते १८० अंश सेल्सिअस हा आकडा, आणि ज्यांच्याजवळ ते नाही त्यांच्यासाठी रव्याची चिमूट, जी तेलात पडताच सळसळून वर आली पाहिजे. या ठिकाणी काय घडते ते समजून घेतले म्हणजे आच कमीजास्त करण्याचा निर्णय आपोआप करता येतो. चकतीच्या पृष्ठभागावर जोवर पाणी आहे तोवर ते शंभर अंशांवर उकळून वाफ होत राहते आणि तो पृष्ठभाग त्याहून फारसा तापू शकत नाही; त्याच वाफेच्या दाबाने तेलाला आत येण्यास प्रतिबंध होतो, आणि कडेने जे बुडबुडे उठतात ते या वाफेचेच. पाणी संपत आले की बुडबुडे मंद होतात, पृष्ठभाग कोरडा होऊन अधिक तापतो, आणि तेव्हाच तो खमंग तांबूस रंग चढू लागतो ज्याची आपण वाट पाहत असतो. म्हणून उलथणे हाती घेऊन चकती वारंवार हलविणाऱ्याने स्वतःच्या कामात अडथळा आणलेला असतो. बुडबुडे ऐकावे. त्यांचा आवाज उतरला की एकदाच उलटावे, कडेने थोडे तेल सोडावे, आणि दुसरी बाजू पुरी होऊ द्यावी. तव्यावर गर्दी करू नये हे सांगणे ओघानेच येते.

तळणीच्या शास्त्रातील एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात आलेली नसते. पदार्थात शिरणाऱ्या तेलाचा बराच मोठा भाग तो तव्यावर असताना शिरत नाही, तर उतरवल्यानंतर शिरतो. आतली वाफ थंड होऊन आकसते, तिच्या जागी पोकळी निर्माण होते, आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल त्या पोकळीत ओढले जाते. म्हणून काप उतरताना उलथण्यावर क्षणभर तिरपा धरून तेल तव्यातच निथळू द्यावे, आणि मग तो जाळीवर किंवा चाळणीवर सुटा ठेवावा. ताटलीत एकावर एक रचलेल्या कापांची गती ठरलेलीच आहे, कारण खालच्याची वाफ वरच्याच्या आवरणात मुरते आणि दोन्ही बिघडतात.

वंगदेशात ‘बेगुन भाजा’ म्हणून जो पदार्थ आहे त्यात पीठ नसतेच. मोठ्या वांग्याच्या जाड फोडींना मीठ, हळद आणि थोडी साखर चोळून त्या मोहरीच्या तेलात तळतात आणि खिचडीबरोबर वाढतात. त्यांची कड तेवढी खुसखुशीत होते, आत सारा गर विरघळल्यासारखा असतो. हा पदार्थ श्रेष्ठ आहे, परंतु त्याचे उद्दिष्ट निराळे आहे, आणि या पुस्तिकेत त्याला जागा देऊन दोघांवरही अन्याय करण्याचे मी टाळले आहे. अखंड तेलात बुडवून तळलेले काप, जे हल्ली खाणावळींतून सरसकट मिळतात, तेही येथे नाहीत. ते झटपट होतात हाच त्यांचा एकमेव गुण होय.

कापाचे आयुष्य फार थोडे आहे. तव्यावरून उतरल्यापासून पाचसात मिनिटे तो आपल्या पूर्ण वैभवात असतो, त्यानंतर आतल्या गरातील ओल हळूहळू आवरणात उतरू लागते आणि पुन्हा गरम केल्याने गेलेला गुण परत येत नाही. याचा अर्थ असा, की काप आधी करून ठेवून मग पाने मांडणे हा क्रमच चुकीचा आहे. पाने आधी मांडावी, भात वाढावा, आणि मग तव्यावर पहिली चकती पडावी. आपल्या घरांत हा क्रम वर्षानुवर्षे पाळला गेला तो एका व्यक्तीला चुलीपाशी उभे ठेवून. सर्वांना तव्यावरचे काप मिळाले, आणि ते भाजणारीच्या वाट्याला शेवटी थंड, मऊ पडलेले दोनचार तुकडे आले. ज्या पदार्थाचा सारा गुण पहिल्या पाच मिनिटांत आहे, तो करण्यात जिने हयात घालविली तिनेच त्याची खरी चव क्वचित चाखली, याचे मला मनापासून दुःख आहे. पुढील पानांत दिलेल्या कृती मुद्दाम इतक्या बारकाईने लिहिल्या आहेत, की घरातील कोणालाही, पुरुषांना आणि मोठ्या मुलांनाही, त्या वाचून उलथणे हाती घेता यावे. ज्यांच्या हाती ही पुस्तिका पडेल त्यांना माझी विनंती आहे, की काप करण्याच्या दिवशी तव्याजवळ आळीपाळीने उभे राहावे, आणि ज्यांनी आजवर तुम्हाला गरम काप वाढले त्यांना पहिल्या पंगतीस बसवून पहिला घाणा त्यांच्या पानात वाढावा.